सासऱ्यांच्या भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट गूगलवर दिसतच नाही, काय करू?

कसबा_सूनबाई
नमस्कार मंडळी. कसब्यात सासऱ्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, तांबट आळीपासून अगदी जवळ. मागे छोटा कारखाना आहे, कारखाना म्हणजे काय तर दोन कारागीर आणि सासरे, मठारकाम (हातोडीने ठोके देऊन भांडं घडवणं) तिथेच होतं आणि कल्हईही करून देतो. वेबसाइट एका एजन्सीकडून करून घेतलीये, दिसायला छान आहे. पण गूगलवर दुकानाचं अख्खं नाव टाकलं तरच येते, "कल्हई पुणे" किंवा "तांब्याचा बंब" टाकलं की आमची सोडून सगळ्यांची दिसते, त्यात अशी ऑनलाइन दुकानंपण आहेत ज्यांनी आयुष्यात कल्हईचा भाता बघितला नसेल.

आता त्याच एजन्सीचा फोन येतोय की एसईओचं, म्हणजे साइट गूगलवर वर आणायचं, पॅकेज घ्या, दर महिन्याला पैसे, पाचशे बॅकलिंक्स (दुसऱ्या साइट्सवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका) आणि पहिल्या पानाची गॅरंटी. नवरा म्हणतो भरून टाक एकदाचे. सासरे म्हणतात ज्याला यायचंय तो विचारत विचारत येतो. मी अकाउंट्सची माणूस, वर्डप्रेसमध्ये लॉगिन करून मजकूर बदलण्याइतपत येतं मला. पैसे भरावेत की घरीच काही करता येईल?

टेकडीवरचा
गॅरंटी ऐकली की फोन ठेवायचा. गूगलने स्वतःच्या मदतपानांवर लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही. आणि पाचशे बॅकलिंक्स म्हणजे पाचशे ओसाड साइट्सवर तुमच्या नावाची चिकटपट्टी. असल्या विकतच्या लिंकांवर गूगलने २०१२ सालीच पेंग्विन नावाचा अपडेट आणून काठी उगारली होती, आता बहुतेक वेळा त्या सरळ मोजल्याच जात नाहीत. म्हणजे पैसे गेले आणि हातात काही नाही, आणि नशीब फारच वाईट असेल तर वर कारवाई.

चहाबाज
सासरेबुवांशी सहमत. ज्याला यायचंय तो येतो.

हिंजवडी_त्रस्त
@चहाबाज येतो ना, पण आता तो विचारत नाही, मोबाईलमध्ये "कल्हई निअर मी" टाकतो आणि जो पहिला दिसेल त्याच्याकडे जातो. माझी आई वारज्यातून असंच टाकून निघाली होती, पार भलत्याच टोकाला गेली.

@कसबा_सूनबाई ताई, आधी निदान करू मग औषध. गूगलच्या सर्च बॉक्समध्ये इंग्रजीत साइट लिहा, मग कोलन, मग मध्ये जागा न सोडता तुमचा डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. किती पानं येतात आणि प्रत्येकाचं निळं शीर्षक काय दिसतं ते इथे सांगा. काहीच आलं नाही तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून पान आहे, तिथे "सर्च इंजिनांना ही साइट इंडेक्स करू देऊ नका" (म्हणजे त्यांच्या यादीत घेऊ देऊ नका) अशा अर्थाची एक टिक असते. साइट बनवताना लोक ती लावतात आणि साइट सुरू झाल्यावर काढायची विसरतात. मी बघितलंय, चांगली मोठी क्लासेसवाली साइट वर्षभर अशीच झाकून ठेवलेली होती.

कसबा_सूनबाई
टिक नाहीये, बघितलं. साइट कोलन करून सात पानं आली. शीर्षकं अशी: "होम", "अबाउट अस", "प्रॉडक्ट्स", "गॅलरी", "कॉन्टॅक्ट", मग एक "हॅलो वर्ल्ड" आणि एक "सॅम्पल पेज".

टेकडीवरचा
हॅलो वर्ल्ड 😂 पैसे घेतलेत ना हो त्यांनी?

हिंजवडी_त्रस्त
चला म्हणजे गूगलला साइट माहितीये, पण साइट कशाबद्दल आहे ते माहिती नाही. शीर्षक "होम" असलेलं पान "कल्हई पुणे" ला कशाला दाखवेल तो? हॅलो वर्ल्ड आणि सॅम्पल पेज दोन्ही वर्डप्रेससोबत आपोआप येतात, दोन्ही डिलीट करा आजच. होमचं शीर्षक बदला, दुकानाचं नाव आणि "तांब्या-पितळेची भांडी व कल्हई, कसबा पेठ, पुणे" असं काहीतरी. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक, त्या पानावर जे आहे तेच. कीवर्ड्स म्हणून एक खाना कुठे दिसला तर त्यात वेळ घालवू नका, गूगल तो मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली माहिती) क्रमवारीसाठी वापरत नाही हे त्यांनी २००९ लाच सांगून टाकलंय, तरी अजून त्याचे पैसे लावणारे आहेत.

आता प्रॉडक्ट्सच्या पानावर मजकूर किती आहे ते सांगा. म्हणजे फोटो सोडून लिहिलेलं.

कसबा_सूनबाई
भरपूर आहे की. प्रत्येक भांड्याची मराठीत माहिती आहे, घंगाळ, बंब, कळशी, पितळी कढई, समया, सगळं. सासऱ्यांनी स्वतः सांगून लिहून घेतलंय, वजन किती, गेज (पत्र्याची जाडी) किती, झाळण (सांधा जोडणं) कसं केलंय.

डीटीपीवाला_नारायणपेठ
एक मिनिट. ती माहिती पानावर बोट दाबून धरून सिलेक्ट करून बघा. सिलेक्ट होतेय का? झाली तर कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा आणि काय उमटतं ते सांगा.

कसबा_सूनबाई
अय्या. सिलेक्टच होत नाहीये. दाबून धरलं तर "इमेज डाऊनलोड" विचारतंय. आणि अबाउट अस मधला मजकूर सिलेक्ट होतोय पण व्हॉट्सॲपवर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं आली, काहीच्या काही.

डीटीपीवाला_नारायणपेठ
वाटलंच. आयुष्य यात गेलंय म्हणून सांगतो, जरा लांबेल.

तुमचा छापील कॅटलॉग किंवा ब्रोशर आधी झालं असणार, ते कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपी नाहीतर तसल्याच फॉन्टमध्ये केलेलं. हे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नाहीत. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत अक्षर इंग्रजीच असतं, फक्त वर कपडे मराठीचे चढवलेले. छापायला उत्तम, अजून अर्धं पुणं त्यावर लग्नपत्रिका छापतं, आणि श्रीलिपी तर पुण्याचीच आहे, मॉड्युलर इन्फोटेकची, तेव्हा मी तिला नावं ठेवणार नाही. पण ते वेबवर चढवायचं म्हटलं की डिझायनरसमोर दोनच सोपे रस्ते असतात. एक, अख्खं पान जेपीईजी करून चिकटवायचं, ते तुमच्या प्रॉडक्ट्सचं झालंय. दोन, तो फॉन्टच साइटमध्ये घालायचा म्हणजे डोळ्याला मराठी दिसतं, ते अबाउटचं झालंय. दोन्हीत गूगलच्या हाती काय लागतं? एकात चित्र, दुसऱ्यात कचरा. सासऱ्यांनी एवढं गेजबिज सांगितलं त्यातलं एक अक्षर गूगलपर्यंत पोचलेलं नाही. फोटोतला मजकूर ओळखायची तंत्रं आहेत त्यांच्याकडे, पण त्याच्या भरवशावर धंदा ठेवू नये.

उपाय सोपा आहे. मूळ कोरल फाइल ज्याने ब्रोशर केलं त्याच्याकडून मागा, मजकूर काढून श्रीलिपीतून युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर एकदा डोळ्याखालून घाला, रफार, जोडाक्षरं आणि पोटफोड्या ष नेहमी गंडतात. किंवा सरळ मोबाईलवर बोलून टाइप करा, तुमच्या सात-आठ भांड्यांना एक दुपार पुरे.

निवृत्त_पण_ऑनलाइन
अत्यंत उपयुक्त माहिती. आमच्या सोसायटीच्या नोटिसा पण अशाच कचरा होऊन येतात, कारण आज कळले.

मिसळीत_शेव
एवढं कशाला करताय, चॅटजीपीटीला सांगा, दोनशे पानं करून देईल. कल्हई कोथरूड, कल्हई वारजे, कल्हई हडपसर, कल्हई बाणेर, प्रत्येक एरियाचं एक पान. आमच्या पेस्ट कंट्रोलवाल्याने असंच केलंय, सगळीकडे दिसतो.

टेकडीवरचा
दिसतोय तोवर दिसतोय. फक्त एरियाचं नाव बदलून तीच पानं छापायची याला गूगलच्या नियमांत डोअरवे पानं म्हणतात, आणि मार्च २०२४ मध्ये त्यांनी घाऊक मजकूर पाडण्यावर वेगळा नियमच आणला, मग तो एआयने पाडा नाहीतर दहा पोरं बसवून पाडा. पेस्ट कंट्रोलवाला निदान हडपसरला जातो तरी. यांचं दुकान कसब्यातच आहे, "कल्हई हडपसर" वर लिहिणार काय? की आमच्याकडे या?

मिसळीत_शेव
बरं बाबा. पण एआय वापरायचाच नाही का मग?

टेकडीवरचा
वापरा की. शुद्धलेखन बघायला, इंग्रजी पान करायला. कोणी लिहिलं यावर गूगलचा आक्षेप नाहीये, वाचणाऱ्याच्या उपयोगाचं आहे का यावर आहे. पण बंबाचा नळ कुठल्या मापाचा लागतो हे चॅटजीपीटीला विचारू नका, ते सासऱ्यांना विचारा.

पेठेतली_मंजिरी
ताई मी घरून ब्लाऊज शिवून देते आणि माझी साधीशी साइट मीच सांभाळते, म्हणून तांत्रिक नाही पण एक सांगते. तुम्हाला दिवसभरात फोनवर काय काय विचारतात लोक? ते नुसतं लिहून काढा. एका वहीत. मी तेच केलं, प्रत्येक प्रश्नाला उत्तर लिहिलं, जसं फोनवर देते तसंच, आणि तिथूनच लोक यायला लागले. "पॅडेड ब्लाऊज शिलाई किती" हे कोणी सांगत नाही पटकन, सगळे म्हणतात डिझाइनवर आहे. मी आकडा लिहिला. झालं.

कसबा_सूनबाई
अगं किती सांगू. रोजचे प्रश्न:
कल्हई नगावर की किलोवर, किती दिवसांत मिळेल, पातेलं आतून काळं पडलंय तर पुन्हा करायला लागेल का, तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत ठेवलं तर चालतं का, पिण्याच्या पाण्याच्या हंड्याला कल्हई करायची का, पितळी कढई इंडक्शनवर चालेल का, आजीचा बंब आहे त्याची जाळी आणि नळ बदलून मिळेल का, जुनं तांबं मोड म्हणून घेता का, आणि सगळ्यात जास्त वेळा, गाडी कुठे लावायची.

पेठेतली_मंजिरी
ही झाली तुमची पानं! तुला वेगळा एसईओवाला कशाला हवाय.

हिंजवडी_त्रस्त
हे खरंच सोनं आहे. फक्त नऊ प्रश्नांची नऊ फुटकळ पानं करू नका. कल्हईचे सगळे प्रश्न एका पानावर, व्यवस्थित मोठं पान, वर दर, मग किती दिवस, मग कोणत्या भांड्याला करायची आणि कोणत्या नाही. बंबाचं वेगळं पान, त्यात दुरुस्ती. वापर आणि निगा याचं तिसरं, त्यात इंडक्शन, लिंबू वगैरे. आणि उत्तर पहिल्या ओळीत द्यायचं. "पितळी कढई साध्या इंडक्शनवर चालत नाही" आणि मग कारण, की इंडक्शनला चुंबक चिकटेल असा धातू लागतो, तांबं-पितळ तसं नाही. आधी तांब्याचा वैदिक काळापासूनचा इतिहास आणि शेवटी उत्तर, असं नको.

कसबा_सूनबाई
इतिहास आहे सध्या 🙈 अबाउट अस मध्ये, पेशवाईपासून. पण ते गूगलला कचराच दिसतंय म्हणजे.

लिंबाचं उत्तर सासरे फोनवर इतकं छान देतात, की आंबट घातलं की तांबं पाण्यात उतरतं, म्हणून ताक, सरबत, चिंचेचं काही ठेवायचं नाही, आणि म्हणूनच स्वयंपाकाच्या पितळी भांड्याला आतून कथलाचा थर देतात ती कल्हई, पण नुसत्या पिण्याच्या पाण्याच्या तांब्याच्या भांड्याला ती देत नाहीत. हे असंच लिहू ना?

डीटीपीवाला_नारायणपेठ
असंच. एक अक्षर बदलू नका. मोबाईल समोर ठेवून त्यांनाच बोलायला लावा.

चहाबाज
आणि दर लिहा हो. "दरासाठी संपर्क करा" लिहिलेलं असलं की मी संपर्क करत नाही.

कसबा_सूनबाई
दराला सासरे तयार नाहीत, कथलाचा भाव वरखाली होतो म्हणतात.

पेठेतली_मंजिरी
मग "पासून" लिहायचं आणि खाली अमुक महिन्यातला दर म्हणून टाकायचं. भाव बदलला की आकडा बदलायचा. सोनारसुद्धा रोज बोर्डावर लिहितो.

हिंजवडी_त्रस्त
आता वेबसाइटपेक्षा महत्त्वाची गोष्ट, जी कोणी विचारलीच नाही. गूगल बिझनेस प्रोफाइल आहे का? पूर्वी गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ च्या शेवटी नाव बदललं. "कल्हई पुणे" टाकल्यावर सगळ्यात वर नकाशा आणि तीन दुकानं येतात ना, ती वेबसाइटच्या जोरावर नाही, या प्रोफाइलच्या जोरावर येतात. गूगल तिथे तीन गोष्टी बघतो असं ते स्वतःच सांगतात: शोधणाऱ्याला जे हवंय ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही किती लांब आहात आणि तुमचं नाव कितपत आहे. लांबीचं काही करता येत नाही. बाकी दोन आपल्या हातात.

कसबा_सूनबाई
आहे आहे, नवऱ्याने केलं होतं. कॅटेगरी "गिफ्ट शॉप" दिसतेय. आणि वेबसाइटची जी लिंक आहे ती उघडतच नाही, बिझनेस डॉट साइट असं काहीतरी आहे शेवटी.

टेकडीवरचा
ती गूगलने फुकट दिलेली एकपानी साइट, ती सेवाच मार्च २०२४ मध्ये बंद केली त्यांनी. त्या लिंका आता मेल्या. म्हणजे नकाशावर जे लोक तुम्हाला सापडत होते तेही वेबसाइटवर बोट दाबून बंद दारावर आपटत होते. आत्ताच्या आत्ता बदला. छापील कार्डावर, पिशव्यांवर तीच लिंक असेल तर तीही.

हिंजवडी_त्रस्त
आणि मुख्य कॅटेगरी गिफ्ट शॉप काढून किचन सप्लाय स्टोअर सारखं जे जवळचं असेल ते निवडा, तिथे टाइप करून बघा काय काय यादीत येतं ते. सेवांमध्ये कल्हई, बंब दुरुस्ती टाका. नावात मात्र काही घुसडू नका, "अमुकतमुक भांडी भांडार बेस्ट कॉपर शॉप कल्हई पुणे" असं करतात लोक, नियमात बसत नाही, कोणी तक्रार केली तर नाव बदललं जातं नाहीतर प्रोफाइलच सस्पेंड. दुकानाच्या पाटीवर जे नाव आहे तेवढंच.

वेळ काय टाकलीये?

कसबा_सूनबाई
सकाळी दहा ते रात्री आठ.

चहाबाज
आणि खरी वेळ?

कसबा_सूनबाई
😐 एक ते चार बंद असतं.

चहाबाज
हा हा हा. धन्यवाद, दिवस सार्थकी.

हिंजवडी_त्रस्त
हसा पण हे महत्त्वाचं आहे. प्रोफाइलमध्ये एका दिवसाला दोन सत्रं टाकता येतात, दहा ते एक आणि चार ते आठ. "गूगलवर उघडं होतं, आलो तर कुलूप" असा एक स्टार पडतो ना तो इथूनच येतो. गणपतीत रस्ते बंद असतात, विसर्जनाला तर तुमच्याकडे गाडी पोचणारच नाही, त्या दिवसांची विशेष वेळ वेगळी टाकता येते, ती टाका.

कसबा_सूनबाई
असाच एक स्टार आहे खरं. आणि दुसऱ्या एका एक-स्टारला सासऱ्यांनी उत्तर दिलंय. कोणीतरी लिहिलं होतं की कल्हई लवकर गेली. यांनी लिहिलंय, "तारेच्या काथ्याने घासल्यास कातडीही जाते, कल्हईचे काय घेऊन बसलात."

निवृत्त_पण_ऑनलाइन
उत्तर योग्य आहे.

टेकडीवरचा
योग्य आहे हो काका, पण ते वाचून नवीन माणूस घाबरतो. त्याच ठिकाणी "मऊ कापडाने किंवा चिंचेच्या पाण्याने..." नाही, चिंच नको, जे काय योग्य असेल ते, कसं घासायचं ते दोन ओळींत लिहावं. उत्तर त्या तक्रार करणाऱ्यासाठी नसतंच, पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी असतं. उत्तर एडिट करता येतं.

मिसळीत_शेव
रिव्ह्यू वाढवायचे तर पाच स्टार द्या आणि दहा टक्के सूट घ्या असा बोर्ड लावा. चालतं का?

हिंजवडी_त्रस्त
नाही चालत. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, भेट, काहीही देणं गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक मिळते, तिचा क्यूआर करून गल्ल्याजवळ ठेवा, भांडं परत नेताना म्हणायचं, काम आवडलं तर दोन शब्द लिहा. लोक लिहितात. आणि कोणी "कल्हई छान झाली, आजीची पितळी परात नवी झाली" असं लिहिलं तर नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा ते कितीतरी भारी, कारण त्यात काम काय केलं ते आलं.

कसबा_सूनबाई
पार्किंगचं काय लिहू मग? खरं लिहिलं तर कोणी येणार नाही.

डीटीपीवाला_नारायणपेठ
खरंच लिहा. "चारचाकी आणू नका" हे पुण्यात कोणी लिहीत नाही म्हणून लोक येऊन चिडतात. आता मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन झालंय ना, स्वारगेटकडे जाणाऱ्या मार्गावर, तिथून कुठल्या गल्लीने यायचं, खूण काय, ते लिहा. जड बंब असेल तर गाडी कुठे पाच मिनिटं थांबवता येते तेही. फडके हौदाकडून यायचं का दुसरीकडून ते तुम्हालाच माहिती. रस्ता सांगणारा एक फोटो टाका.

टेकडीवरचा
फोटोंवरून आठवलं. साइट माझ्याकडे उघडायला बराच वेळ लागला (व्यनि, म्हणजे खासगी निरोपातून लिंक घेतली होती). पहिलाच घंगाळाचा फोटो सहा एमबीचा आहे. कॅमेऱ्यातून काढला आणि तसाच चढवला. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, लिंक टाका, तो मोबाईलसाठी वेगळे आकडे देतो. त्यातला एलसीपी म्हणून जो आहे, म्हणजे पानावरची मुख्य मोठी गोष्ट दिसायला लागणारा वेळ, तो अडीच सेकंदांच्या आत असला तर चांगला धरतात. पण त्या शंभरपैकी शंभरच्या मागे लागू नका, फोटो लहान केले की तुमचं निम्मं काम होईल. वेबपी (फोटोची लहान फाइल होणारा प्रकार) फॉरमॅट, रुंदी साधारण हजार-बाराशे पिक्सेल पुष्कळ. फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं असतं ते बदलून भांड्याचं नाव द्या आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये (फोटोसोबतच्या वर्णनाच्या खान्यात) काय आहे ते साधं लिहा, "मठारकाम केलेलं तांब्याचं घंगाळ".

आणि सगळं मोबाईलवरच तपासा. गूगल आता साइटचं मोबाईलवर दिसणारं रूपच वाचतो, ते स्थित्यंतर २०२३ मध्ये पूर्ण झालं. डेस्कटॉपवर छान दिसतं याला फार अर्थ नाही.

चहाबाज
एक शंका. आता गूगल वरच एआयचं उत्तर देतो, खाली कोण जातंय? भारतात ऑगस्ट २०२४ पासून आलंय ते. मग एवढी पानं लिहून फायदा काय?

हिंजवडी_त्रस्त
शंका रास्त आहे. "पितळी कढई इंडक्शनवर चालते का" याचं उत्तर वरच मिळून जाईल आणि बरेचसे लोक साइटवर येणारही नाहीत. पण कल्हई एआय करून देत नाही, भांडं घेऊन कुठेतरी जावंच लागतं. म्हणून दर, वेळ, पत्ता, बंब दुरुस्ती ही पानं आधी. माहितीची पानं नंतर, पण करा, कारण ते एआयचं उत्तर कुठल्यातरी पानांवरूनच बनतं आणि सोबत लिंका दाखवतो. ज्यांच्या लिंका दाखवतो त्यात भाता चालवणारा असलेला काय वाईट.

कसबा_सूनबाई
मराठीत लिहू की इंग्रजीत? गिऱ्हाईक निम्मं मराठी, पण बाणेर-बावधनची नवीन मंडळी इंग्रजीत विचारतात, "टिन कोटिंग फॉर ब्रास".

टेकडीवरचा
दोन्ही, पण एकाच पानावर खिचडी नको. मराठी पान वेगळं, इंग्रजी वेगळं, प्रत्येकाचा स्वतःचा पत्ता, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेली. बटण दाबल्यावर पान जागच्या जागी दुसऱ्या भाषेत होतं तसलं प्लगिन असेल तर बहुतेकदा गूगलला दुसऱ्या भाषेचं पान असं काही दिसतच नाही. मराठी लोक पण बऱ्याचदा इंग्रजी लिपीतच मराठी टाइप करतात, "कल्हई" चे स्पेलिंग सतरा प्रकारे. ते सगळे प्रकार पानात कोंबायची गरज नाही, गूगलला बऱ्यापैकी कळतं, शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात एकदा इंग्रजी लिपीत येऊ द्या म्हणजे झालं.

नेमकं काय टाइप करतात ते अंदाजाने ठरवू नका, सर्च कन्सोल हे गूगलचं साधन लावा. फुकट आहे. कुठल्या शब्दांना तुमचं पान दिसलं, किती जणांनी दाबलं, सरासरी कितव्या नंबरवर होतं, सगळं दिसतं, सोळा महिन्यांपर्यंत मागचं. फक्त मालकी सिद्ध करावी लागते. डोमेनची सेटिंग्ज कोणाच्या हातात आहेत?

कसबा_सूनबाई
एजन्सीच्या. डोमेन पण त्यांनीच घेतलाय, दर वर्षी त्यांना पैसे देतो.

टेकडीवरचा
मग एसईओ-बिसईओ सगळं बाजूला ठेवा, पहिलं काम हे. डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर आहे ते विचारा आणि तुमच्या खात्यात ट्रान्सफर करून घ्या, होस्टिंगचा (साइट जिथे ठेवलीये त्या जागेचा) पासवर्डही. पॅकेजला नाही म्हणायच्या आधी. नंतर विचारलंत तर आवाज बदलेल. डोमेन गेला तर आत्तापर्यंतचं आणि इथून पुढचं सगळं काम पाण्यात.

पेठेतली_मंजिरी
हे शंभर टक्के. गोड बोलून आधी ते घ्या.

कसबा_सूनबाई
घेतलं!! थोडी कुरकुर झाली, मागचं बिल बाकी आहे वगैरे म्हणाले, ते चुकतं केलं आणि डोमेन माझ्या खात्यात आला. सर्च कन्सोल लावलं. शीर्षकं बदलली, कल्हईचं पान लिहिलं, सासऱ्यांनी बोलून दाखवलं आणि मी टाइप केलं, मध्येच "हे कशाला सांगायचं, हे आमचं गुपित" असं दोनदा झालं पण नवसागर कधी मारायचा ते सोडून सगळं सांगितलं. दर "पासून" करून टाकलेत. नकाशावरच्या प्रोफाइलची वेळ, कॅटेगरी, लिंक बदललीये.

आता गूगलला कळवायचं कसं? नुसतं थांबायचं?

हिंजवडी_त्रस्त
भारी! सर्च कन्सोलमध्ये वर पट्टी आहे तिथे नव्या पानाचा पत्ता टाका आणि इंडेक्सिंगची विनंती करा. साइटमॅपही (सगळ्या पानांची यादी) सबमिट करा, वर्डप्रेस तो आपोआप बनवतं. मग थांबायचं. रोज उघडून बघू नका, आकडे एक-दोन दिवस मागेच असतात. प्रोफाइलमधल्या बदलांचा परिणाम त्यामानाने लवकर दिसतो, पानांना वेळ लागतो. बदल केल्यापासून फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष धरा असं गूगलच्याच लोकांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे, त्यामुळे पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून परत त्या पॅकेजवाल्याला फोन करू नका.

कसबा_सूनबाई
मध्ये बरेच दिवस गेले, म्हणून परत वर काढतेय धागा. आता कन्सोलमध्ये शब्द दिसायला लागलेत. "कल्हई पुणे" ला दुसऱ्या पानावर आहोत. पण गंमत म्हणजे ज्याचा विचारच केला नव्हता ते "बंबाचा नळ" आणि "बंब दुरुस्ती" याला बऱ्यापैकी वर दिसतोय आणि बंबाचं तर पानच नाहीये अजून, कल्हईच्या पानावर खाली एक ओळ लिहिलीये फक्त. फोनपण आले दोन बंबाचे, एक तर चिंचवडहून. आता पुढे इंग्रजी कल्हईचं पान करू की बंबाचं?

डीटीपीवाला_नारायणपेठ
बंब. डोळे झाकून. थंडी तोंडावर आलीये, माळ्यावरचे बंब खाली उतरतील आता.

हिंजवडी_त्रस्त
बंबच. त्या एका ओळीवर जर दिसताय तर याचा अर्थ त्या विषयावर कोणी काही लिहिलेलंच नाहीये. नळ, जाळी, बूड बदलणं, डाग देणं, कशाला किती, भांडं आणून दाखवावं लागतं का फोटोवर अंदाज मिळतो, सगळं. आधीचा आणि नंतरचा फोटो. आणि कल्हईच्या पानावरच्या त्या ओळीतून नव्या पानाला लिंक द्यायची विसरू नका.

कसबा_सूनबाई
ओके. पानाच्या पत्त्यात मराठी ठेवू का? वर्डप्रेस आपोआप "बंब-दुरुस्ती" असं देवनागरीत घेतंय.

टेकडीवरचा
चालतं, गूगलला काही अडचण नाही. पण तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांची चिन्हं आणि आकड्यांची हातभर रांग होते, लोकांना व्हायरस वाटतो. तुमचं गिऱ्हाईक एकमेकांना व्हॉट्सॲपवरच पाठवणार. इंग्रजी लिपीत छोटा ठेवा आणि पान प्रसिद्ध करायच्या आधीच ठरवा, नंतर बदललात तर जुन्या पत्त्यावरून रीडायरेक्ट, म्हणजे नव्या पत्त्याकडे आपोआप वळवणं, लावायला लागेल.

कसबा_सूनबाई
बरं झालं विचारलं. सासरे आत्ता दुकानात आहेत, चार वाजलेत 😄 नळाची मापं विचारून येते.